अंधारात ‘एलियन: आयसोलेशन’ खेळताना

हॉरर गेम अंधारात खेळायचा म्हणजे दिवे घालवायचे आणि बसायचं, इतकंच बहुतेक जण करतात. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात, पडद्यावर काळ्यात काळं मिसळून जातं, मग ब्राइटनेस वाढवला जातो आणि भीतीची जागा वैताग घेतो. खोलीत अंधार करायचा तो खरं तर कानांसाठी. बघायला काही उरलं नाही की माणूस ऐकायला लागतो, आणि ‘एलियन: आयसोलेशन’ निम्म्याहून जास्त ऐकूनच खेळायचा असतो. ज्याला ऐकायची सवय लागते तो टिकतो. बाकीचे पुढच्या वळणावर मरतात.

गेम ऑक्टोबर २०१४ चा. ‘टोटल वॉर’सारखे सैन्यं लढवायचे गेम करणाऱ्या इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने तो बनवला, सेगाने प्रकाशित केला. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटातल्या घटनांनंतर १५ वर्षांनी, म्हणजे २१३७ मध्ये, त्या चित्रपटाच्या नायिकेची, एलन रिप्लीची, मुलगी अमांडा (म्हणजे खेळणारे आपण) आईचा माग काढत सेव्हास्तोपोल या अंतराळस्थानकावर येते आणि तिथे चित्रपटातला तो माणसं मारणारा परग्रहावरचा प्राणी मोकाट फिरत असतो. एकूण १८ मोहिमा आहेत, पहिल्यांदा खेळताना १८ ते २० तास सहज जातात. पीसीवर साधारण ३५ जीबी जागा लागते. गेमला दहा वर्षं उलटून गेल्यामुळे साध्या ग्राफिक्स कार्डावरही तो नीट पळतो, ही त्यातली चांगली गोष्ट. डिसेंबर २०२१ पासून मोबाइलवरही आहे.

आधी खोली. खिडकीला जाड पडदा नसेल तर जुनी गडद चादर दुहेरी करून लावली तरी रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड अडतो. दाराखालच्या फटीतून हॉलमधला उजेड येतो, तिथे पायपुसणं गुंडाळून ठेवायचं. त्यानंतर खोलीतले बारीक दिवे शोधायचे, कारण खरा त्रास तेच देतात: राउटर, सेट-टॉप बॉक्स, स्पाइक बस्टरचं लाल बटण, डासांच्या लिक्विडचं मशीन. काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा प्रत्येकावर लावला की काम झालं. पीएस४चा कंट्रोलर वापरत असाल तर त्याच्या पुढच्या पट्टीचा उजेड टीव्हीच्या काचेत परावर्तित होतो. सेटिंगमध्ये जाऊन ती पट्टी मंद करून ठेवा.

अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांत बराच फरक पडतो, पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा जास्तच जातो. मध्येच मोबाइल उघडला की त्यातला बराचसा सराव पाण्यात. म्हणून फोन उपडा आणि सायलेंटवर, शक्यतो दुसऱ्या खोलीत. अंधार आणि दचकणं यांचं नातं नुसतं मनाचं नाही. अचानक मोठा आवाज आला की माणूस दचकतो ते उजेडापेक्षा अंधारात जास्त जोरात, हे प्रयोगशाळेत मोजलं गेलेलं आहे. उंदरांमध्ये हेच उलट दिसतं, ते लख्ख उजेडात जास्त दचकतात, कारण रात्र हा त्यांचा सुरक्षित वेळ.

आता टीव्ही. या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक घसरतात, तेव्हा थोडं सविस्तर. पिक्चर मोड ‘गेम’ ठेवा, म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल होणं यातला उशीर कमी होतो. एनर्जी सेव्हिंग आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्वतःहून ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, दोन्ही बंद. नाहीतर दिवे घालवल्याबरोबर टीव्ही स्वतःच मंद होतो आणि आपण गेमला शिव्या घालत बसतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद, कारण तो गडद दृश्य अजून गडद करतो.

त्यानंतर एचडीएमआयची ब्लॅक लेव्हल. कन्सोल किंवा पीसी चित्र दोन पद्धतींनी पाठवू शकतो: फुल, म्हणजे ० ते २५५, आणि लिमिटेड, म्हणजे १६ ते २३५. पाठवणारा फुल आणि टीव्ही लिमिटेड समजून बसला असेल, तर १६ च्या खालचं सगळं ठार काळं होतं. सेव्हास्तोपोलचे कॉरिडॉर नेमके त्याच पट्ट्यात आहेत. उलट झालं तर काळा रंग राखाडी, धुरकट दिसतो आणि ब्राइटनेस कितीही कमी करा, भीती म्हणून वाटत नाही. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ असेल तर बहुधा जमतं. चित्र खटकलं तर दोन्हीकडे हाताने एकच पर्याय लावायचा.

हे बसल्यावरच गेममधला गॅमा, म्हणजे गडद भाग किती उजळ दिसावेत ती सेटिंग, हलवायचा, आणि तोही खोलीत अंधार केल्यावर. दुपारी उजेडात बसवलेला गॅमा रात्री भगभगीत दिसतो. माझी कसोटी अशी: छतावरच्या गोल व्हेंटची (हवेच्या भोकाची) कडा दिसली पाहिजे, आणि त्यातून लाळ ठिबकत असेल तर तिची तारही दिसली पाहिजे. ती लाळ म्हणजे वर तो प्राणी बसलाय. खालून गेलात की वरच्या वर उचलला जाता. लाळ दिसत नसेल तर तुमची सेटिंग चुकलेली आहे, तुमचं खेळणं नाही. त्याउलट कोपऱ्यातल्या टेबलाखालची प्रत्येक वायर मोजता येत असेल तर गॅमा खाली आणा.

पीसीवर क्रोमॅटिक अॅबरेशन बंद करता येतं. जुन्या लेन्ससारखी रंगाची झालर देणारा तो परिणाम कोणाकोणाचं डोकं दुखवतो. फिल्म ग्रेन मात्र राहू द्या. १९७९ मधल्या लोकांना जसं भविष्य दिसत होतं तसंच हे स्थानक उभं केलंय, जाड मॉनिटर, हिरवी अक्षरं, टेपरेकॉर्डर. त्यावर थोडी खरखर शोभते. गरगरत असेल तर फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, थोडी वाढवा. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद पांढरा दिवा ठेवला तर डोळ्यांवरचा ताण बराच कमी होतो. शुद्ध अंधारवाल्यांना हे पटत नाही, पण दोन तासांची बैठक असेल तर माझं मत त्या दिव्याच्या बाजूने. समोरून मात्र तो दिसता कामा नये. मिरगीचा त्रास असलेल्यांनी हा गेम टाळावा, लुकलुकते दिवे आणि अलार्म त्यात पदोपदी आहेत.

आवाजासाठी हेडफोन, आणि ते वायरचे. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज चांगला जाणवण्याइतका मागे पडतो. शिवाय पीएस४ आणि पीएस५ला असे हेडफोन थेट जोडताच येत नाहीत. कंट्रोलरच्या ३.५ एमएमच्या भोकात घातलेला चारपाचशे रुपयांचा इअरफोनही टीव्हीच्या स्पीकरपेक्षा कितीतरी बरा. टीव्हीवर किंवा साउंडबारवरच ऐकायचं असेल तर ‘नाइट मोड’ बंद असल्याची खात्री करा. तो हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करतो, म्हणजे ज्या फरकावर हा गेम उभा आहे तोच सपाट करून टाकतो. सुरुवातीला संवाद स्वच्छ ऐकू येतील इतका आवाज ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. शांत जागी आवाज वाढवत नेणाऱ्यांचे कान पुढच्या किंकाळीला फुटायची वेळ येते.

आपल्याकडचा खास अडथळा म्हणजे सीलिंग फॅन. पाचावर फिरणारा पंखा एकसारखी घरघर करतो आणि त्या घरघरीत व्हेंटमधली दूरची खडखड बुडून जाते. पंखा एक-दोनवर आणा, कान झाकणारे बंद कपाचे हेडफोन घ्या, किंवा टेबल फॅन पायांकडे ठेवा. एप्रिल-मेमध्ये हे अवघड जातं. हा गेम खरा पावसाळ्याचा किंवा थंडीचा.

पावसाळ्याचा म्हटला की वीज आलीच. या गेममध्ये आपोआप सेव्ह जवळजवळ नाही. ठरावीक ठिकाणी भिंतीवरच्या यंत्रापाशी जाऊनच सेव्ह करायचं. म्हणजे दिवे गेले की वीस-पंचवीस मिनिटांची मेहनत गेली, आणि या गेममधली पंचवीस मिनिटं इतर गेममधल्या दोन तासांइतकी महाग असतात. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा खटका असतो का बघा. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला लागणारा क्षण पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर असेल तर सहसा तग धरतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस पीसीला काही मिनिटं देतो. तेवढ्यात जवळचं सेव्ह गाठता आलं तर ठीक, नाहीतर गेम पॉझ करून वीज यायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

एक्सबॉक्स वनवर किनेक्ट आणि पीएस४वर कॅमेरा जोडलेला असेल तर एक वेगळी सोय आहे: खोलीतला आवाज माइकमधून गेममध्ये जातो आणि तो प्राणी तो ऐकतो. कल्पना झकास. पण आपल्या घरात शेजारच्या कुकरची शिट्टी आणि भिंतीवरची पाल दोघींनाही यात मत मिळतं. सगळं घर झोपल्यावरच हा पर्याय चालू करा, आणि पहिल्या वेळी तर नकोच.

खेळायला बसलात की पहिला तास-दीड तास काही होत नाही. होऊ द्या. ‘टोरेन्स’ जहाजावर फिरणं, स्थानकावर पोचणं, रिकाम्या कॉरिडॉरमधून चालणं, यात कानांना जागेचा आवाज ओळखीचा करून दिला जातो. पाइपमधली वाफ, दाराची सूं, लोखंडाचं कुरकुरणं. हे भाग पळत संपवणाऱ्यांना पुढे स्थानकाचा आवाज कुठला आणि प्राण्याचा कुठला, ते वेगळं काढता येत नाही.

मोशन ट्रॅकर, म्हणजे जवळपासची हालचाल ठिपक्याने दाखवणारं हातातलं यंत्र, मिळाला की सगळे त्यालाच चिकटतात. त्याच्या मर्यादा ओळखून घ्या. तो फक्त हलणारी गोष्ट दाखवतो, निश्चल उभा असलेला प्राणी त्यावर दिसत नाही. ठिपका आपल्याच मजल्यावर आहे की डोक्यावरच्या व्हेंटमध्ये, हेही कळत नाही. ट्रॅकर समोर धरला की मागचं दृश्य धूसर होतं, नजर पुन्हा लांब न्यायला वेगळं बटण दाबावं लागतं. आणि प्राणी अगदी जवळ असेल तर ट्रॅकरची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. तेव्हा सेकंदभर वर, एक ठिपका बघितला, खाली. बाकीचं काम कानांवर सोपवा. जमिनीवर चालताना त्याची पावलं जड, सावकाश धपधप करतात. व्हेंटमधून धावताना पत्र्यावर घाईची खडखड होते. खडखड ऐकू येत असेल तर तो वर आहे आणि तुम्हाला चालायची मुभा आहे, फक्त ठिबकणाऱ्या भोकाखालून नाही. खडखड थांबून धप्प आवाज आला, तर तो खाली उतरलाय.

पाचव्या मोहिमेत सॅन क्रिस्टोबल हा रुग्णालयाचा विभाग येतो. अमांडाची सोबतीण टेलर जखमी झालेली असते, तिच्यासाठी उपचाराचं साहित्य आणायचं असतं, डॉ. कुलमन इंटरकॉमवरून वाट सांगत असतो, आणि प्राणी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने मोकळा सुटलेला असतो. बहुतेक जण गेम सोडतात ते इथे. म्हणून इथे तो कसा चालतो ते सांगायला हवं.

त्याचा रस्ता आधीपासून ठरवून दिलेला नाही. त्याच्या मागे दोन पातळ्यांवर डोकं चालतं. वरच्या पातळीवरच्या यंत्रणेला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं. खालच्या पातळीवरच्या प्राण्याला ते ठाऊक नसतं, त्याला स्वतःच्या डोळ्याकानांनी शोधावं लागतं. वरची यंत्रणा त्याला अधूनमधून ‘त्या बाजूला जा’ इतकाच इशारा देते. लपंडावात राज्य असलेल्या पोराला माडीवरून आजोबांनी नुसती दिशा दाखवावी, तसं. शिवाय ती यंत्रणा तुमच्यावर किती ताण आलाय त्याचा हिशेब ठेवते आणि फार झालं की त्याला व्हेंटमध्ये परत बोलावते. याचा व्यवहारातला अर्थ दुहेरी आहे. एका जागी लपून राहिलं म्हणजे तो निघून जाईल, हे खरं नाही, कारण इशारे त्याला तुमच्याच भागात फिरवत राहतात. आणि तो अगदी जवळून गेला, मग वर चढल्याची खडखड आली, तर पुढचा थोडा वेळ तुमचा आहे. हलायचं ते तेव्हाच. लपण्यात गेम जात नाही, दोन लपण्यांच्या मध्ये जातो.

एकच युक्ती वारंवार चालवली तर तीही बोथट होते. सारखं लॉकरमध्ये शिरणाऱ्याचे लॉकर तो जास्त तपासायला लागतो. टेबलाखाली, हॉस्पिटलच्या खाटेखाली, पेटीआड बसणं बऱ्याचदा बरं, तिथून निसटायला वाट तरी असते. लॉकरमध्ये सापडलात तर संपलं.

तरी लॉकरचा प्रसंग चुकत नाही. आत शिरलात, पत्र्याच्या फटींतून समोरच्या कॉरिडॉरचा पट्टा दिसतो. पावलं येतात, थांबतात, दारासमोर ते लांबट डोकं येतं. पडद्यावर मागे सरकून श्वास रोखायची सूचना येते. स्टिक मागे खेचायची, श्वास रोखायचं बटण दाबून धरायचं. श्वास धरून ठेवला की तब्येतीची पट्टी उतरायला लागते. फार लवकर रोखला तर नेमक्या वेळी सोडावा लागतो आणि अमांडा धापा टाकते. म्हणून पावलं नुसती जवळ आली एवढ्यावर बटण दाबायचं नाही, तो दाराला तोंड लावेपर्यंत थांबायचं. हेडफोनमध्ये त्याचा फुत्कार डावीकडून उजवीकडे सरकला म्हणजे तो निघाला. तेव्हाच सोडा, आणि बाहेर पडायच्या आधी पावलं दूर जाताना स्पष्ट ऐका.

पळायचं नाही. पळण्याचा आवाज दोन खोल्यांपलीकडे जातो आणि त्याने पाहिल्यावर पळून उपयोगच नसतो, तो तुमच्यापेक्षा वेगवान आहे. वाकून चाला. टॉर्च त्याला दिसतो, शिवाय त्याची बॅटरी संपते, तेव्हा टॉर्च फक्त कोनाड्यात काही उचलायचं असेल तेव्हा. टर्मिनल वाचताना, दाराचं कुलूप ट्यूनर नावाच्या यंत्राने उघडताना, इतकंच काय, सामान जोडून नॉइजमेकर (फेकला की आवाज करणारं साधन) बनवतानाही गेम थांबत नाही. ही कामं खडखड वर गेल्यावर करायची. नॉइजमेकर हे माझ्या मते गेममधलं सगळ्यात कामाचं साधन: जिथे जायचं त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात फेका. वाट अडवून बसलेली बंदूकधारी माणसं असतील तर त्यांच्या मध्येच फेका, पुढचं काम तो करतो. तुम्ही टेबलाखाली बसून ऐका.

वर्किंग जो नावाचे यंत्रमानव वेगळ्या जातीचे. ते धावत नाहीत, सभ्य आवाजात बोलत सरळ चालत येतात आणि गळा धरतात. पान्याने मारून काही होत नाही. आधी स्टन बॅटन (विजेचा झटका देणारा दंडुका) किंवा ईएमपी (यंत्रं बंद पाडणारा बॉम्ब), मग पाना. पिस्तूल झाडलंत तर जो कदाचित पडेल, पण आवाजाने खरा पाहुणा येईल. आगीने ते थांबत नाहीत, जळत जळत येतात. प्राण्यावर मात्र आग चालते. फ्लेमथ्रोअर हातात यायला गेमचा मध्य उजाडतो. तेव्हाही लहान फुंकर मारायची, तो पळाला की थांबायचं, इंधन कमीच असतं आणि सवय झाल्यावर तो तितका बिचकत नाही.

सेव्ह करणं हीसुद्धा एक परीक्षाच. भिंतीवरच्या यंत्राची टिकटिक लांबून ऐकू येते, तिचा माग काढत जायचं. कार्ड आत सरकवलं की तीन दिवे एकामागून एक लागतात, आणि तिसरा लागेपर्यंत पाठ कॉरिडॉरकडे करून उभं राहावं लागतं. जवळपास कोणी असेल तर यंत्र तशी सूचना देतं. ती आली तरी सेव्ह करता येतं, पण पुन्हा लोड केल्यावर तो जवळपासच असू शकतो. मग त्याच त्या जागी मरत राहाल. सूचना आली असेल तर आधी टेबलाखाली जा, खडखड वर जाऊ द्या, मग कार्ड.

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मरणं ही भीतीची सगळ्यात वाईट वाट. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो नुसता अडथळा होतो, माणूस पळापळ करायला लागतो आणि अजून मरतो. त्या वेळी सरळ बंद करावं. पहिल्यांदा खेळताना काठिण्य पातळी मध्यम ठेवा. हार्डवर प्राणी जास्त चिकटून राहतो आणि बऱ्याच जणांचा गेम तिथेच, रुग्णालयात, अर्धवट राहतो. नाइटमेअर तर पूर्ण गेम पाठ झाल्यावरच. एका बैठकीला दीड तास पुरे, कारण त्यानंतर कान थकतात, दूरची खडखड ऐकू येईनाशी होते आणि मरायला सुरुवात होते. चहा-कॉफी बसायच्या आधीच, मध्ये नको. झोपायची वेळ बाराची असेल तर साडेअकराच्या आत कंट्रोलर ठेवा, धडधड लगेच उतरत नाही. शेवटचं सेव्ह नेहमी शांत जागी करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या गळा धरला जाणार नाही.

मोबाइलवर खेळणार असाल तर वरचं जवळजवळ सगळं लागू आहे, फक्त ब्राइटनेस ऑटोवरून काढा, ब्लू-लाइट फिल्टर बंद करा, नाहीतर सगळं स्थानक पिवळं दिसतं, आणि जमल्यास साधा कंट्रोलर जोडा. टचवर अंगठ्यांनी पडद्याचा बराच भाग झाकला जातो, आणि छतावरचं ठिबकणारं भोक अंगठ्याखाली गेलं तर ते दिसणार नाही.